सोडत

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हंगाम उघडतो.
त्याआधीचा आठवडा माझ्या काउंटरपुढे ओल्या बुटांची रांग,
आणि एरवी गळाच्या अळ्या, इंजिन ऑइल विकणारी मी
कायद्याची पंडित.

विचारतात तेच ते.
सूर्योदयाआधी किती मिनिटं? तीस.
कुठला सूर्योदय? तक्त्यातला. तुमच्या खिडकीतला नव्हे.
नारिंगी किती घालायचं? झाडाआडून डोकावणाऱ्या
मेव्हण्यालाही दिसेल इतकं.
शिंगाला टोकं किती? एका बाजूला तीन,
आणि टोक म्हणजे निदान इंचभर,
ज्याला लग्नाची अंगठी अडकेल असं.
(अंगठीचं पुस्तिकेत नाही. ते माझ्या वडिलांचं.)

मादीची चिठ्ठी मात्र विकत मिळत नाही.
उन्हाळ्यात अर्ज करायचा, पाच डॉलर भरायचे, विसरून जायचं.
राजधानीत कुणीतरी गणित मांडतं:
गेल्या हिवाळ्याचा बर्फ, लांडगे,
हमरस्त्यावर मेलेली हरणं,
सीडरच्या फांद्या कुठवर खुडल्या गेल्यात.
मग आमच्या पट्ट्याच्या वाट्याला
दोनशे दहा चिठ्ठ्या येतात, आणि सोडत निघते.
ते गणित मला कळत नाही. पण आहे, हे बरं वाटतं.

गुरुवारी हिल्मा कोस्केला आली.
हातात पाकीट, न फाडता, वाफेवर उघडलेलं.
नाव वाल्फ्रिडचं.
नऊ वर्षं त्याचं नाव निघालं नव्हतं.
ऑगस्टात अर्ज केला,
सप्टेंबरात सौनाच्या पायरीवर टॉवेल घेऊन बसला तो उठलाच नाही,
आणि ऑक्टोबरात सोडत लागली.

"मला चालेल का हे?"
मी कलम वाचून दाखवलं. अहस्तांतरणीय.
तिनं पुस्तिका ओढून घेतली, चष्मा लावला,
बोट ठेवून तो शब्द अक्षर अक्षर वाचला.
"म्हणजे या हातातून त्या हातात जात नाही."
"नाही."
"बंदूक?"
"जाते."
"ट्रक?"
"जातो. कागद भरून."
"आणि रानातलं त्याचं मचाण?"
सरकारी जमिनीवरचं. हंगाम संपला की उतरवायचं,
आणि तोवर त्यावर नाव-पत्ता ठळक हवा.
"आहे की," ती म्हणाली. "त्याचंच आहे."
मागे रांग खोकली.
"नऊ वर्षं सोडतीत आला नाही," हिल्मा म्हणाली,
"आणि आता सोडत नाही."

मग तिनं स्वतःच्या नावाचा परवाना मागितला.
जन्म साठ सालाआधीचा, म्हणून प्रशिक्षण माफ.
मी छापला, चिठ्ठी दाखवली,
कुठे खाच पाडायची, कुठे बांधायची,
आणि हे की ही फक्त नरासाठी.
"मादी आली तर?"
"तर बघायची."

पंधराला संध्याकाळी हरणं मोजायला
मी दुकानाबाहेर शेगडी पेटवून बसते.
सात नर आले, एक इतका कोवळा की
पोराची मान वर होईना;
मी काही बोलले नाही, त्याच्या आजोबांनी पुरेसं ऐकवलं असावं.
हिल्मा सगळ्यात शेवटी आली. ट्रकचा मागचा भाग रिकामा.
पापण्यांवर अजून बर्फ.

"तीन माद्या," तिनं सांगितलं.
"अगदी खाली उभ्या, तास-सव्वा तास.
एकीनं मचाणाची शिडी चाटली,
त्याच्या हातमोज्यांचं मीठ असेल.
मी काहीही बेकायदेशीर केलं नाही."
"मला माहितीये."
"त्याचा कागद खिशात होता. तो गुन्हा आहे का?"

मी पुस्तिका उघडली नाही.
थर्मासमधली उरलेली कॉफी तिला दिली.
थंड होती. तिनं प्यायली,
आणि रंगाचा जाड मार्कर मागितला,
पाण्यानं न पुसणारा,
साडेतीन डॉलरचा.